मदत हवी आहे : पहिल्याच क्रॉस स्टिचसाठी कोणता पॅटर्न घेऊ? आईच्या पंचाहत्तरीची भेट आहे

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते, वय ४७. शाळेत शिवणाच्या तासाला साखळी टाका, गहू टाका शिकले होते, त्यानंतर भरतकाम केलेलं नाही.

डिसेंबरात आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतील. गुहागरजवळचं आमचं घर चार वर्षांपूर्वी विकावं लागलं. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही, पण दुपारी फोनमधला घराचा एक फोटो उघडून बराच वेळ बघत बसते. तो फोटो फुलीच्या टाक्यात भरून, फ्रेम करून तिला द्यावा असं फार मनात आहे. पाच महिने हातात आहेत. रोज रात्री मागचं आवरल्यावर पाऊण तास मिळतो आणि रविवारी दोन तास.

समोर तीन पॅटर्न आहेत:

१. घराच्या फोटोवरून ॲपने काढून दिलेला. १८० बाय २४० चौकटी, ५८ रंग.
२. वारली तारपा नाच, काळ्या कापडावर पांढरा दोरा, एकच रंग.
३. जास्वंदीचं फूल, छोटं, ८ रंग. पण त्याचा आईशी काही संबंध नाही.

सरावासाठी दादरच्या एका दुकानातून मॅटीचं (उभ्या-आडव्या जाड विणीचं, भरतकामाचं) कापड आणलं. १४ काउंटचं म्हणून दिलं. दीड तासात १४० फुल्या झाल्या. टाके नीट येतायत, पण गोल भरला तर तो उभा लांबट दिसतोय. माझं काय चुकतंय? आणि यातला कोणता पॅटर्न घ्यावा? मनापासून सांगा, पहिला पॅटर्न सोडवत नाहीये.

———

सुईदोरा :

ताई, आधी गोलाचं सांगते, कारण त्यात तुमची चूक नाही. कापडावर पट्टी ठेवून एका इंचात किती घरं बसतात ते आडवं मोजा, मग उभं मोजा. मॅटीत हे दोन आकडे सारखे असतातच असं नाही. आडव्या इंचात १४ आणि उभ्या इंचात १२ असतील, तर गोल लांबट होणारच. भेटवस्तूसाठी आयडा कापड घ्या. त्यात चौकटी दोन्ही बाजूंनी सारख्या असतात आणि घरं स्पष्ट दिसतात. १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ फुल्या. जवळचा चष्मा लागला असेल तर ११ काउंटही चांगलं. १८ च्या वाटेला सध्या जाऊ नका.

आता पॅटर्न. १८० गुणिले २४० म्हणजे ४३,२०० फुल्या. तुमचा वेग तासाला साधारण ९३. म्हणजे साडेचारशे तासांच्या वर. तुमच्याकडे आठवड्याला साडेसहा तास आहेत, वीस आठवड्यांचे १३०. त्यातून गणपती आणि दिवाळी वजा करा. डिसेंबरपर्यंत जेमतेम पाव चित्र होईल आणि ते अपुरं काम आईपासून लपवत बसावं लागेल.

शिवाय ॲपने काढलेल्या पॅटर्नमध्ये रंग विखुरलेले असतात. इथे एक फुली राखाडी, शेजारची किंचित वेगळी राखाडी, तिसरी तपकिरी. प्रत्येक वेळी सुईतला दोरा बदलायचा, मागे टोक दडवायचं. सरावलेल्या बायकाही यात थकतात. पहिल्या कामाला एकाच रंगाचे सलग पट्टे असलेलं चित्र हवं, म्हणजे हात लयीत चालतो.

———

भरतवेडी :

वारलीबद्दल माझा अनुभव सांगते. वारलीची माणसं त्रिकोणांची, म्हणून चौकटीत सोपी बसतील असं मलाही वाटलं होतं. बसतातही, पण हातपायांच्या तिरक्या रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि छोट्या आकारात नाच कळत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे काळं कापड. रात्री ट्यूबलाइटखाली घरं दिसतच नाहीत. मांडीवर पांढरा पंचा अंथरून, त्यावर कापड धरून मी कसंबसं पूर्ण केलं. वारलीच करायचं असेल तर उलटं करा, ऑफव्हाइट कापडावर गेरूच्या रंगाचा दोरा.

अजून एक. पॅटर्न विकत घेताना चौकटीतल्या खुणा बघा. पाव किंवा पाऊण फुली दाखवली असेल तर आयडावर चौकटीच्या मधोमध सुई घुसवावी लागते आणि बोथट सुईने ते होत नाही. पहिल्यांदा फक्त पूर्ण फुल्यांचा आणि जास्तीत जास्त दहा रंगांचा पॅटर्न घ्या. शेवटी बाह्यरेषेला बॅकस्टिच (सलग रेषेसारखा दिसणारा टाका) असेल तर चालेल, त्याने चित्र एकदम उठून दिसतं.

———

सुईदोरा :

भरतवेडींशी सहमत. पण ताईंचं मन घरात आहे, जास्वंद किंवा वारलीने ते भरणार नाही. ताई, त्या फोटोत आईला सर्वांत जवळचं काय आहे?

———

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी) :

तुळशीवृंदावन. दर दिवाळीआधी ती स्वतः त्याला निळा रंग द्यायची. फोटोत ते उजव्या कोपऱ्यात आहे, मागे जांभ्याच्या तीन पायऱ्या आणि ओटीचा एक खांब.

———

सुईदोरा :

मग तेवढंच भरा! गणिताची चौकटीची वही घ्या आणि स्वतः काढा. ७० चौकटी रुंद, ८४ उंच. १४ काउंटवर बरोबर ५ बाय ६ इंच होईल. वृंदावन सरळ रेषांचं असतं, पायऱ्याही तशाच, फुलीच्या टाक्यासाठी याहून सोयीचा आकार नाही. निळ्याच्या दोन छटा, जांभ्याच्या दोन, हिरव्याच्या दोन, खांबाला तपकिरी. एवढे सात पुरे. मागचं आकाश भरू नका, कापडाचाच रंग राहू द्या. भरायच्या फुल्या अडीच हजारांच्या आसपास येतील, म्हणजे तीसेक तास. चुकलं तर उसवायलाही वेळ उरेल.

कापड ११ बाय १२ इंच कापा, चारही बाजूंना तीन इंच मोकळे हवेत, नाहीतर फ्रेमवाल्याला ताणून बसवता येत नाही. आडवं-उभं एकेकदा दुमडून मध्य शोधा आणि तिथून सुरुवात करा. दोरा सहा पदरी येतो, त्यातले दोनच पदर सुईत घ्यायचे. निळ्याच्या प्रत्येक छटेच्या दोन लड्या एकाच वेळी, एकाच डाय लॉटच्या (एकाच खेपेत रंगवलेल्या) घ्या, नंतर आणलेल्या लडीचा रंग जरासा वेगळा निघतो आणि सलग भागात तो ओरखड्यासारखा दिसतो. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय (वरून येणारा तिरका टाका) एकाच दिशेला ठेवा.

आणि मुंबईच्या पावसात सुई कापडात टोचून ठेवू नका. गंजाचा डाग पडू शकतो आणि तो सहज जात नाही. काम थांबवलं की कापड ताणून धरणारी रिंगही काढायची.

———

धागाकर्ती :

तुम्हा दोघींचे खूप आभार. काल रात्री लेकाच्या जुन्या वहीवर वृंदावन काढलं. ६८ बाय ८२ बसलं, सात रंग. कोनाड्यात पणती दाखवली आहे, ज्योतीला पिवळ्याच्या फक्त तीन फुल्या. रविवारी कापड आणि दोरा आणते.

एकच विचारायचं राहिलं. फोटोतला निळा उन्हाने विटलेला आहे, पण आई रंग द्यायची तेव्हा तो चांगला गडद असायचा. मी फोटोतला घेऊ की आठवणीतला?

———

भरतवेडी :

आठवणीतला. दुकानात लडी दिवसाच्या उजेडात दारापाशी नेऊन बघा, आतल्या दिव्याखाली निळा फसवतो.