फोर्टात दुपारी काय खायचं?

(डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. जूनमधला रविवार, सकाळी 9:40 पासून पुढे.)

मेधा, बी-204: नमस्कार मंडळी 🙏 विषय सोसायटीचा नाही, पण फोर्टात नोकरी केलेले बरेच जण इथे आहात म्हणून विचारते. ईशाला नोकरी लागली. उद्यापासून रुजू. ऑफिस हुतात्मा चौकाजवळ आहे. कँटीन नाही. जेवायची सुट्टी 1 ते 1:30, अर्धाच तास. मी डबा देईनच, पण तिला रोज डबा नकोय, आणि सकाळच्या लोकलच्या गर्दीत तो नेणंही अवघडच. पगार सुरुवातीचा आहे, त्यामुळे दुपारच्या खाण्यावर 80 रुपयांच्या वर जायला नको. पोट भरेल, वेळेत होईल आणि बाधणार नाही असं काय आहे तिकडे?

सावंत वहिनी, ए-201: अगं वा! ईशाचं खूप खूप अभिनंदन 💐

संदीप, बी-301: अभिनंदन! मेधाताई, सँडविच. फोर्टात कोपऱ्या-कोपऱ्यावर सँडविचवाले आहेत. साधं घेतलं तर 5 मिनिटांत हातात. मागच्या आठवड्यात मी मसाला टोस्टचे 70 दिले, साधं 45 ला होतं. चीज-ग्रीलच्या वाटेला जाऊ नका, तिथे शंभरी पार होते.

सावंत वहिनी, ए-201: ब्रेडनं पोट भरतं का रे? 1995 ला सरकारनं 1 रुपयात झुणका-भाकर केंद्रं सुरू केली होती. माझे दीर तिथे जेवून दिवसभर काम करायचे. तसं काही आज ऑफिसांच्या भागात हवं होतं.

देशपांडे काका, ए-102: मेधाताई, ईशाला माझे आशीर्वाद सांगा. 1983 ते 2017, 34 वर्षं मी फोर्टात काढली आणि त्यातल्या निम्म्या दुपारी सँडविच खाल्लं. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वेळ. 1 वाजला की सगळी ऑफिसं एकदम खाली उतरतात. दलाल स्ट्रीटच्या बाजूला गेली तर 1:15 ला गाडीभोवती माणसांचं कडं झालेलं असतं. सीएसएमटीहून दादाभाई नवरोजी रोडनं सरळ चालत यायला 10-12 मिनिटं लागतात. सकाळी त्याच वाटेनं येताना ठरलेल्या सँडविचवाल्याला सांगून ठेवायचं, "एक टोस्ट, 1:05 ला." आठवडाभर रोज सांगितलं की पुढे सांगावं लागत नाही.

दुसरं, तो बनवत असताना बघायचं. फोनमध्ये डोकं घालून उभं राहायचं नाही. लोणी ब्रेडच्या कडेपर्यंत लागलं पाहिजे. ते काही नुसतं चवीसाठी नसतं. लोण्याच्या थरामुळे चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. मध्यभागी एक बोट लोणी टेकवून वर चटणी फासणारा असला, तर टेबलापर्यंत नेईस्तोवर ब्रेडचा लगदा होतो. मसाला प्रत्येक थरावर पडला पाहिजे, बटाट्यावर तर नक्कीच. बीट कापून पाण्यात बुडवून ठेवलेलं असेल तर घेऊ नये.

आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर जो उभा राहायचा, त्याचे हात माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. उकडलेला बटाटा डाव्या तळहातात धरून तो सुरीनं चकत्या थेट ब्रेडवर पाडायचा. पाट वापरायचाच नाही. बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो, कांदा, हा क्रम 20 वर्षांत बदलला नाही. वरची स्लाइस ठेवली की तळव्यानं हलकेच दाबायचा, चारही कडा काढायचा, मग एक आडवा काप, दोन उभे, सहा तुकडे. कागदावर सरकवताना एकही तुकडा विस्कटायचा नाही.

26 जुलै 2005 ला फोर्टात पाऊस फारसा नव्हताच. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला 73. आम्हाला कळलंच नाही उपनगरांत काय चाललंय ते. गाड्या बंद पडल्या आणि आम्ही ऑफिसात अडकलो, बायका-पुरुष मिळून 40 जण. रात्री आठच्या सुमारास हा माणूस उरलेले सगळे ब्रेड आणि लोणी घेऊन वर आला. भाज्या संपल्या होत्या. लोणी-चटणीचंच सँडविच केलं त्यानं, सगळ्यांना पुरवलं. पैसे विचारले नाहीत. आम्ही दुसऱ्या दिवशी पैसे जमवून दिले, तर म्हणाला, महिनाअखेरीला तुमच्यातले किती जण उधारीवर खातात, मी कधी बोललो का?

ईशाला असा एक माणूस मिळो. बाकी खाणं होतंच.

मेधा, बी-204: काका 🙏🙏 वाचून डोळ्यांत पाणी आलं. ईशाला दाखवते.

सोसायटी ऑफिस: उद्या सोमवारी टाकी धुण्याचं काम आहे. 11 ते 2 पाणी बंद राहील. भरून ठेवावे.

डॉ. शिल्पा, ए-403: काकांचं सगळं पटलं, पण जूनमध्ये नोकरी सुरू होतेय म्हणून डॉक्टर म्हणून बोलते. सँडविचमध्ये खरी भीती ब्रेडची नाही, बटाट्याचीही फारशी नाही. भीती चटणीची आणि कापून ठेवलेल्या कच्च्या भाज्यांची. चटणी कच्ची, पाणी घालून वाटलेली आणि तासन् तास उघड्यावर. 5 ते 60 अंश तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात आणि मुंबईची दुपार बरोबर त्याच्या मधोमध येते.

टोस्ट केलं की सगळं मेलं असंही समजू नका. शेगडीवरच्या त्या हाताच्या टोस्टरमध्ये बाहेरचा ब्रेड कडक होतो, पण मधला टोमॅटो कोमटच असतो. तरी पावसाळ्यात साध्यापेक्षा मसाला टोस्ट बरा. त्यात फोडणीची बटाट्याची भाजी असते, शिजलेली. आत चटणी थोडी, आणि वर वाढतात ती वेगळी चटणी घ्यायचीच नाही.

पाणी घरचं. ताक-सरबतात बर्फ नको. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम राज्यात 2018 मध्ये आला, पण ग्लासात वितळलेला बर्फ कुठला होता हे आपल्याला कसं कळणार?

संदीप, बी-301: डॉक्टर म्हणतायत ते माझ्यावर गुदरलंय. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी संध्याकाळी साडेचारला एका गाडीवर साधं सँडविच खाल्लं. चटणीचं पातेलं उन्हात होतं, वरचा थर काळपट पडलेला. भूक लागली होती म्हणून दुर्लक्ष केलं. पुढे ताप उतरेना, रक्त तपासलं तर टायफॉइड. त्याच चटणीनं झाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तेव्हापासून नियम केला, सँडविच 12 ते 2 मध्येच खायचं. गर्दीच्या वेळी चटणी दर अर्ध्या तासाला संपते आणि नवी येते. मोकळ्या वेळी तीच सकाळची असते.

देशपांडे काका, ए-102: अगदी बरोबर. गर्दीची गाडी ताजी असते. मला हे लिहायचं राहिलं.

शहा भाभी, बी-402: मेधाबेन, ईशाला जैन सँडविचपण चालेल. कांदा-बटाटा-बीट नाही, बटाट्याऐवजी कच्चं केळं. आमच्या घरी सगळे तेच खातात. जैन सांगितलं की त्याला डब्यातलं न घेता वेगळं काढावं लागतं, म्हणून पुष्कळदा समोरच ताजं कापून देतात. चवीला पण सरस लागतं.

मेधा, बी-204: भाभी, हे माहीतच नव्हतं!

डॉ. शिल्पा, ए-403: अजून एक. ब्रेड, बटाटा, लोणी यांनी पोट भरतं, पण प्रथिनं कमी मिळतात. 4 वाजता परत भूक लागते आणि मग वडापाव, बिस्किटं सुरू होतात. ईशाच्या बॅगेत फुटाण्यांची डबी ठेवा. 50 ग्रॅम फुटाण्यांत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं असतात. अंडं खात असेल तर उकडलेलं एक. सँडविच आठवड्यातून दोनदा-तीनदा ठीक, रोज नको.

जोशी, ए-304: सगळं खरं, पण या गाड्यांमुळे फोर्टात चालायला फुटपाथ राहिला नाही हेही बोला. माझी आई काठी घेऊन चालते. मागच्या महिन्यात तिला डॉक्टरकडे नेताना दोनदा रस्त्यावर उतरावं लागलं, शेजारून बस जात होती.

संदीप, बी-301: जोशीसाहेब, तुमच्या आईंचा त्रास खरा आहे. पण त्यावर उपाय गाडी उचलून नेणं हा नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, नगर पथविक्रेता समिती नेमायची, कुठे बसायचं आणि कुठे नाही ते ठरवून द्यायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. जागा नीट आखून दिल्या तर आईंनाही वाट मिळेल आणि 45 रुपयांत जेवणाऱ्यांनाही. फोर्टात सगळे मोठ्या पगाराचे नाहीत. शिपाई आहेत, कुरियरची मुलं आहेत, कोर्टात तारखेला आलेली गावाकडची माणसं आहेत. ती हॉटेलात 250 ची थाळी कुठून खाणार?

जोशी, ए-304: जागा आखून द्यायला माझा विरोध नाही. वाट तेवढी मोकळी हवी.

देशपांडे काका, ए-102: दोघांचंही बरोबर. आमचा तो माणूस स्वतः फुटपाथवर दोन माणसांची वाट सोडून उभा राहायचा. गिऱ्हाईक पसरलं की ओरडायचा.

सावंत वहिनी, ए-201: मेधा, माझंही ऐक. आठवड्यातून दोन दिवस डबा दे. मेथीचे पराठे गुंडाळून दिले तर डबाही लागत नाही, कागदात बसतात.

(सोमवार, दुपारी 1:34)

मेधा, बी-204: ईशानं मला पाठवलंय, तिच्याच शब्दांत इथे टाकते.

"आई, ग्रुपवर सांग. सकाळी येताना चार गाड्या बघितल्या. एकाकडे बीट पाण्यात होतं, सोडला. एकाकडे चटणी उघडी, सोडला. तिसऱ्याकडे काका म्हणाले तसं लोणी पार कडेपर्यंत लावत होते. त्यांना सांगून ठेवलं. 1:02 ला खाली उतरले, माझ्या आधी सहा जण होते, 1:11 ला मसाला टोस्ट हातात. 65 रुपये. वरची चटणी नको म्हटलं तर त्यांनी विचारलं, पावसाळा म्हणून का? आणि हसले. कडा काढायच्या आधी विचारलं, 'ठेवू का?' मी ठेवायला सांगितल्या. पोट भरलं. 1:24 ला जागेवर. पाणी घरचंच प्यायले. देशपांडे आजोबांना नमस्कार सांग."

देशपांडे काका, ए-102: शाबास! कडा ठेवल्यास ते फार छान केलंस. टोस्टची खरी कुरकुरी तिथेच असते. त्यांचं नाव-गाव विचार उद्या.

डॉ. शिल्पा, ए-403: फुटाणे नेलेत का?

मेधा, बी-204: विसरले हो. आज संध्याकाळी आणते. उद्या पराठे देणार आहे, सँडविच आता बुधवारी. वहिनी, मेथी आज बाजारात मिळेल का?

सावंत वहिनी, ए-201: स्टेशनजवळ सकाळी होती, 30 ची जुडी. मी निघतेच आहे, तुझ्यासाठी एक आणते.