परसातल्या हौदाला घरगुती फिल्टर: सल्ला हवा आहे

परसबाग_मिरज
नमस्कार. घरामागे आजेसासऱ्यांच्या वेळचा दगडी हौद आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाणी अडीच फूट. दिवाळीत गळती बुजवून बारा गोल्डफिश सोडले. मार्चपासून पाणी इतकं हिरवं झालंय की कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. बादलीत स्पंज आणि खडी घालून फिल्टर केलाय, त्याला कूलरचा पंप. दर रविवारी सगळं काढून नळाखाली चोळून धुते. तरी गेल्या महिन्यात तीन मासे गेले, तिन्ही पहाटे. लेक उठल्याबरोबर आधी हौदाशी जाऊन मासे मोजते. तयार फिल्टर परवडणारा नाही, घरच्या घरी काय करता येईल?

कर्दळीचा_वाफा
ताई, पंप रात्री बंद ठेवता का?

परसबाग_मिरज
हो, वीजबिलामुळे.

कर्दळीचा_वाफा
मग आजपासून चोवीस तास चालू ठेवा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही माशांसारखंच तो वापरतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. 40 वॅटचा पंप दिवसरात्र चालला तरी एक युनिटसुद्धा जळत नाही.

दुसरं, रविवारचं धुणं थांबवा. फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, तो त्यांना विषच. खडीवर, स्पंजवर जो बुळबुळीत थर धरतो त्यातले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हा थर पुरता बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला मारतं. तुम्ही दर आठवड्याला तो धुऊन टाकत होतात. यापुढे प्रवाह मंदावला तरच धुवा, तेही बादलीत हौदाचंच पाणी घेऊन, नुसतं खळबळून.

आता बांधणी. तुमच्या हौदात 100 घनफूट, म्हणजे साधारण 2,800 लिटर पाणी आहे. दीड-दोन तासांत ते एकदा फिल्टरमधून फिरायला हवं. पंपाच्या डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी चार फूट चढवलं की तो बराच उतरतो, म्हणून तासाला 3,000 लिटरचा घ्या. 200 लिटरचा निळा ड्रम हौदाच्या काठापेक्षा उंच ठेवा. रसायनाचा ड्रम नको, खाद्यपदार्थांचा बघून घ्या. पंपाचा पाईप ड्रमच्या तळापर्यंत न्या आणि टोकाला एल्बो लावा, म्हणजे पाणी गोल फिरून गाळ खाली बसेल. तळापासून वीतभर उंचीवर जाळी, तिच्यावर कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरलेल्या प्लास्टिकच्या घासण्या, बाटल्यांची झाकणं, फुटक्या कौलांचे तुकडे. खडी नको, तिच्यात गाळ अडकून बसतो आणि ती उचलताना कंबर जाते. येणारा पाईप एक इंची असेल तर वरून हौदात परतणारा दोन इंची हवाच, नाहीतर ड्रम भरून वाहील. तळाला गाळ सोडायचा व्हॉल्व्ह बसवा. आणि पंपाच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. याबाबत मी कुणाचंच ऐकत नाही.

ओली_माती
वरचं सगळं बरोबर, पण एवढ्याने हिरवेपणा जाणार नाही. नायट्रेटवर शेवाळ पोसतंच. परतणारं पाणी वेखंड, कर्दळ किंवा अळू लावलेल्या उथळ टबातून हौदात सोडा, मुळं नायट्रेट ओढतात. दुपारच्या उन्हात निम्म्या हौदावर शेडनेट. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, ती ओढ्यात गेली की आवरत नाही.

परसबाग_मिरज
मनापासून आभार. ड्रम आणि कांद्याच्या पिशव्या मार्केट यार्डाजवळ मिळतील. एक शंका: आमच्याकडे कधीकधी पाच-सहा तास वीज नसते. तेव्हा काय करू?

कर्दळीचा_वाफा
तेवढ्या वेळात ड्रममधला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात आणि पाणी कुजकं होतं. वीज आल्यावर लगेच पंप लावू नका. आधी तळाचा व्हॉल्व्ह उघडून ड्रम रिकामा करा. ते काळं पाणी झाडांना घाला, नारळ असेल तर उत्तमच. मग पंप सुरू करा. आणि वीज नसेल तोवर माशांना खाणं अजिबात नको.