मदत हवी आहे: सागाच्या टेबलावरची पितळी पट्टी उचलली जाते आहे, कोणता ग्लू वापरू?

सागपट्टी:
टेबल तयार आहे, पॉलिशही झालंय. टॉपमध्ये खाच पाडून पितळी पट्टी बसवली होती, ती दोन ठिकाणी वर आली आहे. दोनदा दाबून परत चिकटवली, तरी उचलतेच. पितळ आणि सागाला घट्ट धरेल असा ग्लू कोणता? नाव सांगा, आजच लावायचा आहे.

पितळेचा_पत्रा:
दोन भागांचा इपॉक्सी, सावकाश सुकणारा. पाच मिनिटांत सुकणारा घेऊ नका. पट्टीची खालची आणि बाजूची अंगं ८० नंबरच्या पेपरने खरवडून काढा, कानशीने तिरके ओरखडे मारा. साग तेलकट असतो, म्हणून खाच अ‍ॅसिटोनने पुसून लगेच ग्लू भरा. तासाभराने तेल परत वर येतं. सुपरग्लू वापरला असेल तर तो ठिसूळ असतो, धक्क्याने सुटतो.

गुणिया:
ग्लूचं नाव सांगण्याआधी माहिती लागेल. टॉप अखंड लाकडाचा की प्लायवर व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा)? माप काय? पट्टी लाकडाच्या रेषांच्या दिशेने आहे की आडवी? उचलली आहे ती कुठे?

सागपट्टी:
अखंड साग, पाच फळ्या जोडून. १५०० बाय ७५०, जाडी २२ मिमी. पट्टी ३ मिमी रुंद, ३ मिमी खोल, कडेपासून ६० मिमी आत चौकोन केलाय. ग्लू इपॉक्सीच होता. आता नाव सांगा.

रंधा२२:
त्यापेक्षा संपूर्ण टॉपवर ३ मिमी पारदर्शक रेझिन ओता. पट्टी खाली गाडली जाईल, वर येणारच नाही. टेबल काचेसारखा दिसेल आणि पाण्याचे डागही पडणार नाहीत.

खाच_आणि_कुसू:
@रंधा२२, अखंड लाकडावर हे करू नका. वरची बाजू रेझिनने बंद झाली आणि खालची उघडी राहिली, तर दमट-कोरड्या हवेत खालची बाजू एकटीच फुगते-आकसते आणि टॉप बाक धरतो. पट्टी तरीही आतून ढकलते आणि रेझिनला तडा जातो. दुरुस्तीला जागा उरत नाही ते वेगळंच.

रंधा२२:
खालूनही पॉलिशचे तीन हात दिले तर बाक येत नाही. दोन्ही बाजू सारख्या बंद करायच्या, एवढंच.

खाच_आणि_कुसू:
पॉलिश ओल रोखत नाही, तिचा वेग कमी करतं. ३ मिमी रेझिन आणि तीन हात पॉलिश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गुणिया:
@सागपट्टी, उचलली ती लांब बाजूची की आखूड बाजूची? आणि टॉप खालच्या चौकटीला कसा बसवलाय?

सागपट्टी:
दोन्ही आखूड बाजूंची. लांब बाजूंच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत. टॉप चौकटीला खालून आठ स्क्रूने आवळलाय. याचा पट्टीशी काय संबंध?

गुणिया:
हाच तर संबंध आहे. ग्लूचा दोष नाही.

लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, हलतं ते आडवं. फळीच्या डोक्याकडून (कापलेल्या टोकाकडून) बघा: वाढीची वलयं पृष्ठभागाला समांतर पहुडलेली असतील, तर हिरवा (नुकता कापलेला, ओला) साग पूर्ण वाळेपर्यंत आडवा सुमारे ५.८ टक्के आकसतो. वलयं उभी असतील तर सुमारे २.५ टक्के. म्हणजे ओलीत एका टक्क्याचा फरक पडला की पहुडलेल्या वलयांची फळी अंदाजे ०.२ टक्के हलते. दमट दिवसांत १३ टक्क्यांवर असलेला टॉप कोरड्या दिवसांत ९ वर आला, तर आखूड पट्टीच्या ६३० मिमीत लाकूड साडेचार-पाच मिमी आकसलं. पितळाला ओलीची फिकीर नाही. वीस अंश तापमान बदललं तरी तेवढ्या लांबीत ते पाव मिमीच्या आसपास हलतं. जादा झालेली पट्टी जाणार कुठे? वरच.

किती वर, तेही बघा. १०० मिमी तुकड्यात फक्त अर्धा मिमी जादा झाला तर मधोमध चार मिमीपर्यंत कमान उठते. एवढ्या जोराला कोणताही ग्लू पुरत नाही. पुरलाच, तर लाकूड फाटतं.

चौकोनाच्या कोपऱ्यांवर हात फिरवा. आखूड पट्टीच्या टोकाने लांब पट्टीला बाहेर ढकललं असेल, तिथे पॉलिशला केसाएवढी चीर दिसेल.

सागपट्टी:
चार कोपऱ्यांपैकी तीनवर आहे. मग पितळ काढून तिथे शिसमची पट्टी घालतो. लाकूड-लाकूड, प्रश्न मिटला.

खाच_आणि_कुसू:
थांबा, मिटत नाही. नेहमीसारखी लांबीच्या दिशेने रेषा असलेली शिसमपट्टी आडव्या खाचेत घातली, तर तीही लांबीत आकसत नाही, आणि पितळाचीच गत होते.

आडव्या बाजूला पट्टीच्या रेषा टॉपच्या रेषांना समांतर हव्यात. म्हणजे पट्टीच्या लांबीत नव्हे, तिच्या रुंदीत. साडेतीन मिमी जाड, ६० मिमी रुंद शिसमची चीप घ्या आणि तिच्या डोक्याकडून ६ मिमीचे काप बारीक दातांच्या करवतीने पाडत जा. प्रत्येक काप ६० मिमी लांब, पण रेषा त्याच्या ६ मिमी रुंदीत. असे दहा-अकरा तुकडे टोकाला टोक लावून एक बाजू भरते. शिसम आणि सागाचं आकसणं तंतोतंत सारखं नाही, पण तेवढ्या फरकाने काही उचलत नाही. तुकडे बोटांत मोडतात, म्हणून खाचेत बसेपर्यंत खाली जाड चिकटपट्टी लावून ठेवा.

खाच ६ मिमी करा, जुन्या ३ मिमीच्या फाटलेल्या कडा त्यात निघून जातील. लांब बाजूंचं पितळ तसंच राहू द्या.

रेषा:
टेबलाची उंची किती ठेवलीय? ७५० मिमी उंची, २२ मिमी टॉप आणि खाली चौकटीची १०० मिमीची लाकडी पट्टी धरली तर गुडघ्यांना ६२८ मिमी राहतात. खुर्चीला हात असतील तर ते पट्टीला आपटतात. पट्टी ८० ची केलीत तर बरं.

सागपट्टी:
उंचीबद्दल विचारलेलं नाही. पितळ काढायचं कसं ते सांगा. अ‍ॅसिटोन ओतू?

पितळेचा_पत्रा:
अ‍ॅसिटोन नको, घट्ट झालेल्या इपॉक्सीवर त्याचा फारसा असर नाही आणि आजूबाजूचं पॉलिश मात्र खराब होईल. सोल्डरिंग गनचं टोक पट्टीवर टेकवून पुढे पुढे सरकवा. पितळ उष्णता पटकन नेतं, साधा इपॉक्सी साठ-सत्तर अंशांपासून मऊ पडू लागतो. उचललेल्या टोकापासून पकडीने हळू ओढा. खेचाखेच केलीत तर खाचेच्या कडेचे तुसे उपटून येतात. उरलेला इपॉक्सी गरम असतानाच ३ मिमीच्या पटाशीने खरवडा.

याच कारणाने पितळ बसवल्यावर ते मशीनने घासत बसू नका. पट्टी तापते, खालचा इपॉक्सी ढिला पडतो, आणि दोष मात्र ग्लूला लागतो. पितळ ०.३ मिमी वर ठेवून सपाट कानशीने उतरवा, मग ठोकळ्यावर १८०, २२० चा पेपर हाताने.

रंधा२२:
पितळाची भुकटी सागाच्या छिद्रांत शिरून काळपट-हिरवी दिसते. घासण्याआधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्यावा, छिद्रं बुजतात. स्टील वूल वापरू नये, त्याचे कण राहिले की टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर काळे ठिपके उठतात.

पितळेचा_पत्रा:
+१. अवांतर: तारकशीत (लाकडात धातूची तार बसवून केलेल्या नक्षीत) ग्लूच नसतो. तारेपेक्षा किंचित अरुंद चीर पाडून बारीक तार हातोडीने ठोकून बसवतात, लाकूडच तिला आवळून धरतं. नक्षी लहान-लहान वळणांची असल्याने एका जागी लांब आडवी तार क्वचित येते.

गुणिया:
पट्टीला हात लावण्याआधी स्क्रूंचं बघा. आठही घट्ट असतील तर टॉपला आकसायला वाव नाही, पुढच्या कोरड्या दिवसांत जोडावर फाटेल. चौकटीच्या आखूड बाजूच्या लाकडी पट्ट्यांतली भोकं टॉपच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा: ४ मिमी स्क्रूला ५ बाय १२ मिमी, खाली वॉशर. फक्त मधला स्क्रू घट्ट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सरकतील. लांब बाजूंना स्क्रूऐवजी लाकडी ठोकळे लावा. ठोकळ्याची जीभ चौकटीतल्या खाचेत, ठोकळा टॉपला, जिभेच्या पुढे ३ मिमी मोकळे.

सागपट्टी:
पितळ निघालं. एका बाजूला पाच-सहा तुसे उपटले, बाकी खाच स्वच्छ आहे. आखूड बाजूंचे कडेचे स्क्रू सोडताच टॉप एका कडेला दीड मिमी आत सरकला, टिकटिक आवाज आला. ठोकळे करतोय. शिसमचे काप उद्या बसवू का?

गुणिया:
उद्या नको. त्या दीड मिमीवरून टॉप किती ताणात होता ते कळतं. स्क्रू ढिलेच ठेवून टॉप दोन आठवडे वापरायच्या खोलीत राहू द्या. शिसमची चीपही तिथेच ठेवा, दोन्हींची ओल एका पातळीला येऊ दे. दर दोन दिवसांनी रुंदी एकाच ठिकाणी मोजा, पेन्सिलची खूण करून. सलग तीन मोजण्या सारख्या आल्या की खाच ६ मिमी करायला घ्या.

खाच_आणि_कुसू:
राऊटरने (खाच पाडायच्या मशीनने) करणार असाल तर उपटलेल्या तुशांच्या बाजूने आधी धारदार सुरीने रेघ ओढून घ्या. नाहीतर नवी कडही तशीच उपटेल.