मदत हवी आहे: पाठीला करंट देऊन पोरगं चालतं का?

शिरोलीकर
मुलाला सीपी (सेरेब्रल पाल्सी, लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींना येणारी अडचण) आहे. आम्ही जातो त्या सेंटरवाल्यांनी नवीन थेरपी सांगितली. पाठीच्या कण्यावर मशीन लावतात, स्पायनल न्यूरोमॉड्युलेशन म्हणे. २४ सेशनचं पॅकेज, पैसे आगाऊ भरले तर सूट. सोमवारपर्यंत सांगा म्हणालेत. करू का नको? ज्यांनी केलंय त्यांनीच बोला, बाकीचे सल्ले नकोत.

मिरजवाली
वय किती? बसतो का, धरून उभा राहतो का? फिट येतात का? कमरेचा एक्स-रे कधी काढला? सीपी म्हणजे सगळ्या पोरांचं एकच नसतं हो दादा.

रंकाळा_काठ
स्टेम सेल (मूळपेशी सोडायची थेरपी) करा. माझ्या साडूच्या पोरानं केलं, आता मान धरतंय.

गल्लीतला_फिजिओ
मान वयानुसारही धरली जाते. आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सीपीसाठी स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच देता येतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. साडूंनी किती मोजले?

रंकाळा_काठ
म्हणजे माझा साडू खोटं बोलतोय व्हय?

पांढरा_रस्सा
मी आधी कोल्हापूरच्या 'सीपीआर' दवाखान्यात आहे असं वाचलं, म्हटलं दवाखान्यातच हाय तर इथं कशाला विचारतोय 😀 असो. युडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढलंय का? सीपी २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येतं. सरकारच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात, थेरपीचा खर्चही बसतो.

शिरोलीकर
कार्डाचं कोणी विचारलं? वय ६. धरून उभा राहतो, टाचा टेकत नाहीत, चालवायला गेलं की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. एएफओ (घोटा-पावलाला आधार द्यायचे पट्ट्याचे साचे) दिलेत, पण डाव्याचा पट्टा चावून चावून लोंबतोय. फिटचं औषध चालू आहे, त्याचा इथं काय संबंध?

गल्लीतला_फिजिओ
संबंध आहे. हे तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावून घेऊ नका. थेरपी बोगस नाही. कातडीवर, कण्याच्या रेषेत पॅड चिकटवून बारीक करंट देतात आणि त्याच वेळी पोराकडून उभं राहणं, पावलं टाकणं करून घेतात. सीपीत मूळ इजा मेंदूला असते, पण पावलांची लय धरणारं जाळं कण्यात असतं. त्याला जागं ठेवायचं, अशी कल्पना. लॉस एंजेलिसचे संशोधक एजर्टन यांच्या गटाचं यावर काम आहे. २०२२ मध्ये १६ मुलांवरचा अभ्यास आला, हालचाल सुधारल्याचं दिसलं. पण थेरपी सगळ्यांनाच दिली होती, तुलनेचा गटच नव्हता. त्यावर २४ सेशन आगाऊ विकायची?

रंकाळा_काठ
मग साडूचंही तसंच की! १ पोरगं काय, १६ काय.

मिरजवाली
आमची मुलगी ९ वर्षांची. बोटॉक्स (ताठ स्नायू सैल करायचं इंजेक्शन), मग प्लास्टर, मग रोज घरी ताणायचा व्यायाम. कंटाळवाणं आहे, पण टाच टेकली. करंटबिरंट काही नाही.

गल्लीतला_फिजिओ
बोटॉक्स सगळ्यांना लागतंच असं नाही ताई.

मिरजवाली
मी कुठं सगळ्यांना म्हटलं?

गल्लीतला_फिजिओ
बरं. शिरोलीकर, मशीनवर काय लिहिलंय ते बघून या. आणि करंट चालू असताना पोरगं काय करत असतं, तेही विचारा.

शिरोलीकर
आज कामावरून सुटल्यावर गेलो. मशीनवर टेन्स लिहिलंय. आजीच्या गुडघ्याला लावायचे तसलेच दोन पॅड. पोराला २० मिनिटं पालथं झोपवणार, हातात मोबाईल. व्यायाम नंतर 'वेळ मिळाला तर'.

गल्लीतला_फिजिओ
टेन्स म्हणजे दुखणं कमी करायचं मशीन. मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच घेऊन आलात.

पांढरा_रस्सा
आगाऊ पैसे दिले न्हाईत नव्हं?

शिरोलीकर
२००० दिलेत बुकिंगचे. परत मागितले तर मॅडम उद्या येतील म्हणाले. मिरजवाली ताई, कमरेचा एक्स-रे दोन वर्षांपूर्वीचा आहे, तो चालेल का?

मिरजवाली
नाही, नवा काढा. अशा पोरांचा खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. आणि तो पट्टा आधी बदला, ते काम उद्याच होईल.