६४ केबी पेजचा गेस्ट, ४ केबीचा प्रोटोकॉल: तोडजोड ड्रायव्हरनेच करावी का?

कातळशिल्प (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका नव्या मुलीला झेनचा, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन (गेस्ट) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डिस्कसाठीचा ब्लॉक ड्रायव्हर समजावून सांगत होतो. लिनक्समधला ब्लॉकफ्रंट: गेस्टच्या डिस्कच्या रिक्वेस्ट तो रिंग नावाच्या सामायिक रांगेतून बॅकएंडला, म्हणजे पलीकडे खरी डिस्क सांभाळणाऱ्या भागाला, देतो. तिने विचारलं, "एका रिक्वेस्टसाठी रिंगमध्ये दोन जागा कशाला?" उत्तर देता देता माझं मत पक्कं झालं. ते इथे मांडतो, विरोध असेल तर जरूर लिहा.

आधी अडचण सांगतो. एआरएम६४ (६४ बिटांचे एआरएम प्रोसेसर) वर कर्नल ४, १६ किंवा ६४ केबीचं पेज, म्हणजे मेमरी मोजायचा तुकडा, धरून बांधता येतो. रेड हॅटच्या आरएचईएल ७ आणि ८ मध्ये एआरएमसाठी ६४ केबीच होतं, ९ पासून ते ४ केबीवर परत आले. गेस्टने कोणतं पेज घ्यावं हे झेन ठरवू शकत नाही. पण झेनचं ग्रँट टेबल, म्हणजे गेस्टने आपली कुठली मेमरी बॅकएंडला दाखवली याची वही, ४ केबीच्याच मापाने चालते. डिस्कच्या प्रोटोकॉलमध्ये साध्या रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त ११ सेगमेंट (४ केबीपर्यंतचे डेटाचे तुकडे) बसतात. ११ गुणिले ४ म्हणजे ४४ केबी. आणि लिनक्सच्या ब्लॉक लेयरचं (डिस्कच्या रिक्वेस्ट ड्रायव्हरकडे देणारा थर) म्हणणं तेव्हा असं होतं, की सेगमेंटच्या आकाराची मर्यादा एका पेजपेक्षा कमी ठेवायची नाही.

आपल्या जुन्या मापात १६ पायल्यांचा मण. ६४ केबीचं पेज म्हणजे तसा भरलेला मण, आणि गाडीत मावतात ११ पायल्या. एक रिक्वेस्ट रिंगमधल्या एका जागेत मावेलच असं ड्रायव्हर गृहीत धरत होता, त्यामुळे गेस्ट बूट होतानाच कोसळायचा.

२०१५ च्या पॅचमालिकेने यावर सरळ उपाय केला. उरलेल्या ५ पायल्यांसाठी दुसरी गाडी, म्हणजे रिंगमधली दुसरी रिक्वेस्ट. दोन्हींची उत्तरं आल्यावरच मूळ रिक्वेस्ट पुरी झाली असं धरायचं. त्या दोन जागा कायम मिळाव्यात म्हणून क्यूची खोली निम्मी केली. ६४ केबी गेस्टचा आधार लिनक्स ४.४ मध्ये आला.

माझं मत: हेच बरोबर होतं. ४ केबी हे तारेवरचं माप आहे, ६४ केबी हे घरातलं. दोन मापं जिथे भेटतात तिथेच मोजणी बदलायची, आणि ती जागा ड्रायव्हर. खरा घोळ तर नावाचा होता. 'पेज साइझ' हा एकच स्थिरांक दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात होता आणि दोन्ही ४०९६ असल्यामुळे इतकी वर्षं कुणाला बोचलं नाही. झेनच्या पेजला वेगळं नाव दिलं तेव्हा कुठे चुका दिसायला लागल्या.

उत्तररात्र

नावाबद्दल पूर्ण सहमत, बाकीच्याशी नाही. हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं. हट्ट ब्लॉक लेयरचा आणि शिक्षा ड्रायव्हरला. एका पेजच्या रिंगमध्ये ३२ जागा असतात, त्या निम्म्या केल्या की १६ रिक्वेस्ट राहतात. ज्याने मोठं पेज कामाचा वेग वाढावा म्हणून घेतलं, त्याच्याच डिस्कची रांग तुम्ही तोडलीत.

तेव्हा दुसरा रस्ता तयार होता. २०१३ पासून, लिनक्स ३.११ मध्ये, इनडायरेक्ट डिस्क्रिप्टर आहेत. सेगमेंटची यादी रिक्वेस्टमध्ये न ठेवता वेगळ्या पेजवर ठेवायची. ४ केबीच्या एका पेजवर ५१२ नोंदी मावतात. ६४ केबी हवं असेल तर बॅकएंडला हे आलंच पाहिजे, असा नियम करायला हवा होता. बॅकएंड लिहिणारे महिन्याभरात सुधारले असते. आता त्यांना सुधारायचं कारणच उरलं नाही.

कातळशिल्प

रांग निम्मी होते ती फक्त बॅकएंडकडे इनडायरेक्ट नसेल तेव्हाच. ४ केबीच्या गेस्टमध्ये तर तो कोड कंपाइल होतानाच गळतो. १६ केबीलाही लागत नाही, कारण १६ हे ४४ मध्ये आरामात बसतात. म्हणजे झळ कुणाला, तर ज्याचं मशीन एरवी बूटच झालं नसतं त्याला.

नियम करायचा म्हणता, पण कुणावर? त्या वेळी क्यूईएमयू या प्रोग्रामच्या डिस्क बॅकएंडला इनडायरेक्ट येत नव्हतं. बॅकएंड असतो यजमानाच्या मशीनवर आणि गेस्ट भाडेकरूचा. भाडेकरूने घरमालकाला "आधी भिंत पाडा, मग मी राहायला येतो" असं सांगायचं का? आणि गेस्टचं मशीन बदलतं हे विसरलात. गेस्ट इनडायरेक्टवाल्या यजमानावर बूट झाला, रात्री देखभालीसाठी बंद करून दुसऱ्या मशीनवर सुरू केला, तिथला बॅकएंड जुना. डिस्कचं बोलणं नव्याने ठरतं. तुमच्या नियमाने तो गेस्ट त्या क्षणी डिस्कविना उभा राहतो.

पाणवठा

मी दोघांच्या मध्ये पडत नाही, पण मेमरीचं कुणीच बोललं नाही. पर्सिस्टंट ग्रँट (दर वेळी नवे न देता पुन्हा पुन्हा वापरायचे ग्रँट) चालू असतील तर ड्रायव्हर प्रत्येक ग्रँटसाठी एक अख्खं लिनक्स पेज घेतो. ६४ केबीच्या कर्नलवर त्यातले पहिले ४ केबी वापरात, ६० केबी वाया. शिवाय प्रत्येक सेगमेंटमागे १६ ग्रँट आधीच राखून ठेवायचे, मग डेटा अर्धा केबी का असेना. एका पेजमध्ये अनेक ग्रँट बसवता येतील, असं ते पॅच आलं तेव्हाच नोंदवलं होतं.

आमच्याकडे लहान मेमरीचे पुष्कळ गेस्ट होते आणि प्रत्येकाला दोन-तीन डिस्क. मेमरी कुठे जाते ते शोधण्यात माझे चार दिवस गेले. अर्ज केला, बैठका झाल्या, शेवटी आम्ही ४ केबीच्या कर्नलवर गेलो. तोडजोड ड्रायव्हरमध्ये करायला हरकत नाही, पण मग ती अर्धी सोडू नये.

उत्तररात्र

पाणवठा, अगदी हेच. आणि मुळाशी जायचं तर पेज हा शब्द प्रोटोकॉलमध्ये यायलाच नको होता. व्हर्टिओ, म्हणजे आभासी उपकरणांचा दुसरा प्रोटोकॉल, बघा. डिस्क्रिप्टरमध्ये ६४ बिटांचा पत्ता आणि ३२ बिटांची लांबी, बस. गेस्टचं पेज ४ चं की ६४ चं, बॅकएंडला पत्ताही लागत नाही. तिथेही जुन्या आवृत्तीत ही चूक होतीच: रांगेचा पत्ता पेज क्रमांकाने द्यायचा, पीसीआयवर ४०९६ ने भागून. १.० मध्ये ती काढली.

कातळशिल्प

व्हर्टिओची मांडणी देखणी आहे, मान्य. पण ती स्वस्त पडते कारण नेहमीच्या मांडणीत बॅकएंडला गेस्टची सगळी मेमरी उघडी असते. झेनमध्ये बॅकएंडवर विश्वास नाही, म्हणूनच ग्रँट आहेत. कुलूप कुठल्या तरी मापाचं असावंच लागतं. २०२२ मध्ये, लिनक्स ५.१९ मध्ये, झेनवर व्हर्टिओसाठी ग्रँट आले तेव्हा हे माप पुन्हा दारात उभं राहिलंच.

आणि ते माप लहान आहे हे आपलं नशीब. जुलै २०२२ ची झेनची एक्सएसए-४०३ ही सुरक्षा सूचना वाचा. ४ केबीपेक्षा कमी मेमरी ग्रँट करता येत नाही, म्हणून त्याच ४ केबीत शेजारी पडलेला, डिस्कशी काही संबंध नसलेला डेटाही बॅकएंडला दिसत होता. "गेस्टचं पेज ६४ चं तर ग्रँटही ६४ चा करा" असं सुचवणारे मला भेटलेत. त्यांनी उघडी पडणारी जागा १६ पट होईल हे ध्यानात घ्यावं.

पाणवठा, तुमचे चार दिवस गेले याचं मनापासून वाईट वाटतं. त्या वाया जाणाऱ्या ६० केबीचा बचाव माझ्याकडे नाही.

उत्तररात्र

एक्सएसए-४०३ चा मुद्दा बिनतोड आहे. ग्रँट ४ केबीचाच राहू दे, मागे घेतो. मशीन बदलण्याचाही.

पण ब्लॉक लेयरवरचा माझा आक्षेप कायम. पॅच लिहिणाऱ्यांनीच म्हटलं होतं की ब्लॉक लेयरला पेजपेक्षा लहान माप शिकवणं सोपं नाही, पण पुढे कुणी ते केलं तर त्याचा फायदा घेता येईल. ते काम आता झालंय. २०२५ मध्ये, लिनक्स ६.१५ मध्ये, मोठ्या पेजच्या कर्नलवरही सेगमेंटची मर्यादा ४ केबीपर्यंत खाली आणता येते. म्हणजे ११ सेगमेंट, प्रत्येकी ४ केबी, एका रिक्वेस्टमध्ये. मग दुसरी गाडी कशाला पोसायची?

कातळशिल्प

कारण काढण्याआधी बघायला हवं. शनिवारी मशीन मोकळं आहे: ६४ केबीचा गेस्ट, क्यूईएमयूचा बॅकएंड, इनडायरेक्ट बंद. ड्रायव्हरमध्ये सेगमेंट ४ केबीवर आणतो, दुसऱ्या रिक्वेस्टचा कोड बाजूला ठेवतो, रांग पुन्हा ३२ करतो. मग डिस्कवर लिखाण चालू ठेवून बघतो. पाणवठा, तुम्ही मेमरी कशी मोजलीत ती कृती इथे टाकाल का? पर्सिस्टंट ग्रँट चालू ठेवून तेही त्याच फेरीत मोजून घेतो.