मेलमध्ये 'हॅव' कधी आणि 'हॅड' कधी? डोकं फिरलंय

चाकणचा_क्वालिटीवाला
मंडळी, मी ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, शिक्षण मराठी मीडियम, इंग्रजी पाचवीपासून. बोलताना कसंबसं निभावतं, पण बाहेरच्या कस्टमरला मेल लिहायचं म्हटलं की घाम. परवा लिहिलं, "आय हॅव सेंट द सॅम्पल्स यस्टर्डे". साहेब म्हणाले हॅव काढ. काढला. आज लिहिलं, "आय सेंट द रिपोर्ट, प्लीज चेक", तर म्हणे इथे हॅव घाल! अरे मग नक्की काय? आणि कहर म्हणजे मागच्या महिन्यात "वी हॅड डिस्पॅच्ड द पार्ट्स ऑन ट्वेल्थ मार्च" असं लिहिलं तर जर्मनीतल्या कस्टमरचा फोन, "ॲण्ड देन व्हॉट हॅपन्ड?" त्याला वाटलं माल निघाला आणि वाटेत काहीतरी झालं. झालं काहीच नव्हतं हो, माल त्याच्याच गेटवर उभा होता. शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ केलेला, अजून म्हणून दाखवतो, पण मेल लिहिताना त्यातला एकही मदतीला येत नाही.

कट्टा_कॉफी
सोपंय. वाक्यात यस्टर्डे, लास्ट वीक, ट्वेल्थ मार्च, टू डेज अगो असं काही आलं की हॅव बाद. कधी ते सांगितलं नसेल आणि 'काम झालंय, आता तुम्ही बघा' एवढंच कळवायचं असेल तर हॅव. तुमचे साहेब दोन्ही वेळा बरोबर होते, फक्त कारण सांगायला विसरले 😀

निवृत्त_बाई
क्वालिटीवाले, दोष तुमचा नाही, आपल्या मराठीचा आहे, म्हणजे दोष असा नाही पण घोळ तिथून सुरू होतो. आपण "काल पाठवलंय की" असं सहज म्हणतो, काल आणि आहे एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत नाही नांदत. मग आपण 'आहे'चा हॅव करतो आणि 'होतं'चा हॅड, आणि फसतो.

हॅडचं बघा. मराठीतलं 'होतं' फार साधं आहे. "मी तुला सांगितलं होतं" म्हणताना पुढे दुसरी घटना असायलाच हवी असं नाही, नुसतं मागे ढकलायचं असतं. इंग्रजीतला हॅड एकटा येत नाही, त्याला पुढे भूतकाळातलीच दुसरी गोष्ट लागते, "द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टेशन". आधी गाडी गेली, मग आपण पोचलो. तुम्ही पहिला अर्धा भाग लिहून थांबलात, म्हणून तो माणूस बिचारा दुसऱ्या अर्ध्याची वाट बघत बसला. त्याचा प्रश्न व्याकरणाने शंभर टक्के बरोबर!

अजून एक गंमत. "साहेब मुंबईला गेलेत" म्हणजे अजून तिकडेच आहेत, "हॅज गॉन टू मुंबई". "साहेब मुंबईला जाऊन आलेत" म्हणजे "हॅज बीन टू मुंबई". आणि आपण "गेले होते" म्हटलं की ते बहुतेक परत आलेले असतात, तिथे इंग्रजीत नुसतं "वेंट" पुरतं. मी वर्गात हे शिकवायला लागल्यावर पोरांनी तक्ता बाजूला ठेवला. आपल्याकडे 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, तरी हॅडचा गोंधळ पाचवीवाल्यांचा जेवढा, तेवढाच पहिलीवाल्यांचा.

जर्सीतला_नगरकर
बाईंशी सहमत पण एक सांगू का, इकडे अमेरिकेत लोक "डिड यू ईट यट?", "आय ऑलरेडी सेंट इट" असं बिनधास्त बोलतात. ब्रिटिश पुस्तकावर शिकलेला मी पहिले सहा महिने मनातल्या मनात हॅव घालत बसायचो. तेव्हा "आय सेंट द रिपोर्ट" हे काही चूक नाही, साहेबांना सांगा.

निवृत्त_बाई
बरोबर आहे, ते चालतं. पण उलटं तिकडेही चालत नाही ना, "हॅव सेंट यस्टर्डे" तुमच्या जर्सीत तरी कोण म्हणतं?

जर्सीतला_नगरकर
नाही, ते ऐकलं की समोरचा आपल्या देशाचा हे लगेच कळतं 😄 ते आणि "आय ॲम वर्किंग हियर सिन्स फाइव्ह इयर्स".

चाकणचा_क्वालिटीवाला
थांबा, त्यात काय चुकलं?? माझ्या रेझ्युमेत हेच वाक्य आहे.

निवृत्त_बाई
"पाच वर्षं काम करतोय"मधला 'तोय' तुम्हाला आयएनजीकडे नेतो. काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे ना, मग "आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर फाइव्ह इयर्स". सिन्सला सुरुवातीचा बिंदू लागतो, सिन्स 2019, सिन्स मंडे. पाच वर्षं हा बिंदू नाही, लांबी आहे, तिला फॉर.

आलो_आलो
माझा प्रॉब्लेम वेगळाच. घरातून निघालेलो नसताना फोनवर "निघालो निघालो" म्हणतो, हा कुठला भूतकाळ? एकदा ऑफिसच्या कॉलवर त्याच सवयीने "यस यस, आय लेफ्ट" म्हटलं आणि मागे कुकरची शिट्टी झाली.

कट्टा_कॉफी
हा भूतकाळ नाही, ही थाप आहे. "आय ॲम लीव्हिंग" म्हण, निदान खोटं तरी पडणार नाही.

चाकणचा_क्वालिटीवाला
बाई, थँक्यू, आता जरा उजेड पडला. रेझ्युमे दुरुस्त केला. मेल असं केलंय: "वी डिस्पॅच्ड द पार्ट्स ऑन मंडे. आय हॅव अटॅच्ड द इन्स्पेक्शन रिपोर्ट. इफ यू विल फाइंड एनी डिफेक्ट, प्लीज इन्फॉर." ठीक?

निवृत्त_बाई
पहिली दोन छान. इफनंतरचा विल काढा, "इफ यू फाइंड". आपण "डिफेक्ट सापडला तर" म्हणतो, भूतकाळ वापरून भविष्याचं बोलतो, ते तिथे वर्तमानकाळात बोलतात. आणि इन्फॉर्मच्या शेवटी एम राहिलाय हो.