मेथच्या व्यसनावरील औषध आणि बक्षीस-उपचार : चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत?

नदीकाठ (फ्रेस्नो, कॅलिफोर्निया)

माझ्या बहिणीचा मुलगा, वय 27, गेली तीन वर्षे मेथॅम्फेटामिनच्या, म्हणजे इथे ज्याला क्रिस्टल किंवा नुसते मेथ म्हणतात त्याच्या, व्यसनात अडकला आहे. तो माझ्याकडे राहतो. बहीण आणि भाऊजी नाशिकला असतात. आता तो आपणहून उपचारांना तयार झाला आहे. डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या आहेत : एक, नाल्ट्रेक्झोनचे इंजेक्शन आणि जोडीला ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या; दोन, लघवीच्या तपासणीत मेथ आढळले नाही की दर वेळी गिफ्ट कार्ड देणारा कार्यक्रम.

औषधाविषयी शोधले तेव्हा 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केवळ 13.6 टक्के लोकांना गुण आल्याचे वाचले आणि माझे हातपाय गळाले. शंभरातल्या शहाऐंशी जणांना उपयोगच होणार नसेल, तर पोराला सुया कशासाठी टोचायच्या? गिफ्ट कार्डांविषयी भाऊजींचे म्हणणे असे की ही सरळसरळ लाच आहे. बहीण मात्र रोज फोनवर एकच विचारते, "औषध निघाले आहे ना?" तिला खोटा धीर द्यायचा नाही आणि तिचा धीर खचेल असेही बोलायचे नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

मात्रा_वेळ (पुणे)

मी औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी तपासण्याचे काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. आपण वाचलेला आकडा बरोबर आहे, पण त्याच्या शेजारचा आकडा वाचल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. त्याच चाचणीत ज्यांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि इंजेक्शन दिले, त्यांच्यापैकी फक्त 2.5 टक्के लोक त्याच कसोटीला उतरले. म्हणजे साधारण नऊ जणांना औषध दिले, तर एरवी कसोटीला न उतरलेला एक जण त्यामुळे उतरतो. मनाच्या आजारांवरची रोज वापरात असलेली कित्येक औषधेही याहून फार पुढे नाहीत.

कसोटीही कडक होती. सहा आठवड्यांच्या टप्प्याच्या शेवटी घेतलेल्या चार नमुन्यांपैकी किमान तीन मेथविरहित असले, तरच त्या माणसाला गुण आला असे मानले गेले. मेथ लघवीत तीन-चार दिवस सापडते, त्यामुळे रोज घेणारा माणूस आठवड्यातून एकदा घेण्यापर्यंत खाली आला, तरी तो बहुधा अपयशी गटातच मोजला जाईल. म्हणून "शहाऐंशी जणांना काहीच उपयोग नाही" असा निष्कर्ष त्या आकड्यातून निघत नाही. शिवाय महिन्यातले किमान 18 दिवस मेथ घेणाऱ्यांनाच चाचणीत प्रवेश होता, म्हणजे आजार मुरलेली माणसेच तीत होती.

चाचणीची रचना मला विशेष विचारपूर्वक केलेली वाटते. अमेरिकेतल्या आठ ठिकाणच्या 403 जणांपैकी पहिल्या टप्प्यात 109 जणांनाच औषध मिळाले. उरलेल्या 294 जणांना औषध नसलेली गोळी आणि इंजेक्शन मिळाले. त्यांच्यापैकी तेवढ्याने आणि नुसत्या देखभालीने ज्यांना गुण आला नाही, अशा 225 जणांचे पुन्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून दुसरा टप्पा घेतला. केवळ कोणीतरी लक्ष देत आहे एवढ्याने जे सुधारतात ते अशा रीतीने बाजूला होतात आणि औषधाचा स्वतःचा परिणाम अधिक स्वच्छ दिसतो.

बहिणीला सांगताना दोन मर्यादा मात्र लपवू नका. ही चाचणी एकंदर 12 आठवड्यांची होती. वर्षभराने काय होते हे तिच्यातून कळत नाही. आणि मेथच्या व्यसनासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेले एकही औषध नाही. ही दोन्ही औषधे मुळात दारू, अफूजन्य पदार्थ, नैराश्य आणि धूम्रपान यांसाठीची आहेत. या वाटेवर आधी बरीच निराशा झालेली आहे. एका चाचणीत सर्ट्रालीन (नैराश्यावरचे एक औषध) दिलेल्या गटात तर उपचारांत टिकून राहिलेल्यांचे प्रमाण ते न दिलेल्या गटापेक्षाही कमी होते. त्या पार्श्वभूमीवर 11 टक्क्यांचा फरक मला मोलाचा वाटतो.

ओंजळ (सॅन होजे)

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. भाऊजींची शंका मी अनेक आईवडिलांकडून ऐकली आहे आणि ती रागाने झटकून टाकण्यासारखी नाही. पण लाच चुकीचे काम करून घेण्यासाठी देतात. इथे त्या मुलाच्या मेंदूला मेथने एका क्षणात मिळणाऱ्या सुखाची सवय लावलेली आहे, आणि न घेण्याचे फळ मात्र कित्येक महिन्यांनी मिळते. ते फळ त्याच दिवशी, हातात, दिसेल असे देणे हा या उपचाराचा गाभा आहे.

या उपचाराच्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 113 जण होते. नेहमीच्या समुपदेशनासोबत एका गटाला तपासणी स्वच्छ आली की भांड्यातून चिठ्ठी काढू देत. निम्म्या चिठ्ठ्यांवर फक्त शाबासकी असे, बाकीच्यांवर लहानमोठी बक्षिसे. सलग स्वच्छ राहिले की चिठ्ठ्यांची संख्या वाढे. एकदा घसरले की पुन्हा एकापासून सुरुवात. सर्व 12 आठवडे मेथपासून दूर राहिलेले या गटात 18 टक्के होते, दुसऱ्या गटात 6 टक्के. अशा चाचणीत कोणाला काय मिळते हे लपवता येत नाही, तरी लघवीचा नमुना कोणाची भीड धरत नाही, म्हणून मला हा पुरावा भक्कम वाटतो.

नुसते समुपदेशन किती पुरते, याचेही उत्तर आहे. मॅट्रिक्स नावाच्या ठरावीक समुपदेशन-पद्धतीचा 16 आठवड्यांचा कार्यक्रम 978 लोकांवर तपासला गेला, त्याचे निष्कर्ष 2004 साली आले. कार्यक्रम चालू असताना लोक अधिक टिकले, अधिक स्वच्छ राहिले. पण संपल्यावर आणि सहा महिन्यांनी पाहिले तर नेहमीच्या उपचारांहून फरक उरला नव्हता. बक्षिसांचा परिणामही ती थांबल्यावर ओसरू शकतो, म्हणून त्या काळात नोकरी, झोप आणि सोबतीची माणसे यांची घडी बसवणे हे खरे काम असते. आपल्या कॅलिफोर्नियात मेडिकेडमधून (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून) हा बक्षिसांचा उपचार 24 आठवडे मिळतो आणि बक्षिसांची कमाल रक्कम 599 डॉलर आहे. व्यसनावर उडवायला हा पैसा पुरणार नाही, हे भाऊजींना सांगून पाहा.

नदीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना भेटण्यापूर्वी आणखी काही विचारून ठेवावे का?

मात्रा_वेळ

दोन गोष्टी अवश्य विचारा. नाल्ट्रेक्झोन देण्यापूर्वी शरीरात अफूजन्य पदार्थ नसावा लागतो, अन्यथा तीव्र त्रास अचानक सुरू होतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मेथमध्ये फेंटानिल (अफूसारखेच काम करणारे अतिशय तीव्र औषध) मिसळलेले सापडते, म्हणून त्याने ते जाणूनबुजून घेतले नसले तरी आधी तपासणी करून घ्यावी. दुसरे, ब्युप्रोपिऑनमुळे फिट येण्याचा धोका वाढतो आणि चाचणीतली मात्रा रोज 450 मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या टोकाची, होती. त्याला पूर्वी कधी फिट आली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. इंजेक्शन चाचणीत दर तीन आठवड्यांनी होते, त्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.